युनियन आपलीच, पण बोलायचं कोणी?

लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कामगार कायदे शिकवायला निवृत्तीला टेकलेले एक सर होते. कामगार न्यायालयांत अनेक वर्षं वकिली करून मग शिकवायला लागलेले. एके दिवशी त्यांनी फळ्यावर फक्त ‘२७-अ’ एवढंच लिहिलं आणि कलम वाचून दाखवलं. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचं कलम. त्याचा सोपा अर्थ असा: या कायद्याखालच्या कामकाजात कामगाराने स्वतः उभं राहायचं नाही, त्याच्या प्रतिनिधीने उभं राहायचं. आणि प्रतिनिधींच्या यादीत पहिला मान मान्यताप्राप्त युनियनचा.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, पण भांडण युनियनशीच असेल तर?”

सर म्हणाले, “मग ते कोर्टात मावत नाही. रस्त्यावर येतं. अठरा जानेवारी ब्याऐंशी.”

तोवर माझ्या डोक्यातला गिरणी संप अगदी साधा होता. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, मध्ये डॉ. दत्ता सामंत, आणि शेवटी चिमण्यांच्या जागी मॉल. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यातही तोच असेल. त्या गोष्टीत मान्यताप्राप्त युनियन नावाचं पात्रच नव्हतं. सरांच्या त्या एका वाक्याने मी ते शोधायला लागलो. शोधता शोधता लक्षात आलं की युनियन आणि तिचे स्वतःचे सदस्य यांच्यातलं भांडण ही काही मुंबईची खासियत नाही. इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, जिथे जिथे युनियन मोठी झाली तिथे ते झालेलं आहे. फरक एवढाच की त्या भांडणासाठी कुठल्या देशाच्या कायद्याने दार ठेवलं आणि कुठल्याने नाही.

एक उद्योग, एक युनियन

हा कायदा कुणा दुष्ट माणसाने कामगारांचा गळा दाबायला लिहिला, असं समजून वाचायला सुरुवात केली तर काहीच कळत नाही. त्यामागचा विचार समजून घ्यायला हवा.

गिरणगावात १९२८ साली सहा महिने चाललेला मोठा संप झाला आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्षअखेरीपर्यंत तिची सदस्यसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. सरकार आणि मालक दोघंही हादरले. पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात तिचे पुढारी तुरुंगात गेले. त्यानंतरचे मुंबईतले कामगार कायदे एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात: संप कसे कमी करायचे? १९३४चा कायदा तडजोडीचा होता. १९३८ साली मुंबई प्रांतातल्या काँग्रेस सरकारने आणखी कडक कायदा आणला. त्यात तडजोडीच्या सगळ्या पायऱ्या चढल्याशिवाय संप करणं हा गुन्हा ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम करायला नकार देणं हा गुन्हा ठरवलात तर तुम्ही कामगाराला गुलाम करता, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून या ‘काळ्या कायद्या’विरुद्ध एक दिवसाचा संप केला.

तरी ती दिशा बदलली नाही. १९४६चा कायदा आणला तेव्हा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री होते गुलझारीलाल नंदा. ते आले होते अहमदाबादच्या मजूर महाजनमधून. गांधीजींनी १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा चालवला आणि त्यातून १९२० साली ही संघटना उभी राहिली. तिचं सूत्र असं की मालक आणि मजूर हे एकाच घरातले. भांडण झालं तर लवाद नेमा, संप शेवटचा. एका शहरात एक भक्कम संघटना असली की मालकाला फूट पाडता येत नाही, हेही त्यांनी अनुभवलेलं होतं.

हा मुद्दा खोटा नाही. कारखान्यात पाच युनियन असतील तर मालक सर्वांत स्वस्त पडणाऱ्या युनियनशी करार करून मोकळा होतो. म्हणून कायद्याने ठरवलं की एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन असेल. करार ती करेल, आणि तो सगळ्यांना लागू होईल, सदस्यांना आणि सदस्य नसलेल्यांनाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा दर्जा मिळाला काँग्रेसच्या वळचणीतल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला.

पंचवीस टक्क्यांचं गणित

आता हा दर्जा मिळवायला काय लागायचं ते बघा. उद्योगातल्या कामगारांपैकी २५ टक्के सदस्य. म्हणजे शंभर कामगारांतल्या पंचवीस जणांच्या नावाने पावत्या फाडल्या असतील तर उरलेल्या पंचाहत्तरांच्या वतीनेही बोलायचा हक्क तुमचा.

आणि ही टक्केवारी एका गिरणीची नव्हे. मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्या मिळून एक उद्योग धरला जायचा. १९८०च्या आसपास साठेक गिरण्यांत अडीच लाखांच्या घरात कामगार होते. त्याचे २५ टक्के म्हणजे साठ हजारांच्या वर. एखाद्या गिरणीतल्या शंभर टक्के कामगारांनी ‘आम्हाला ही युनियन नको’ म्हटलं, तरी कायद्याच्या हिशेबात काही हलत नसे. ते वेगळी युनियन काढू शकत होते, तिचा फलक लावू शकत होते, मोर्चे काढू शकत होते. पगारवाढीचा करार मात्र करू शकत नव्हते.

मोजणी व्हायची ती मतांची नाही, वर्गणीच्या पावत्यांची. वर्गणी थकली की माणूस मोजणीतून बाहेर. कायद्याने मान्य युनियनच्या माणसांना गिरणीच्या आवारात, पगार वाटला जातो त्या जागी वर्गणी गोळा करायची मुभा दिली होती. बाहेरच्या युनियनने फाटकाबाहेर उभं राहून वर्गणी मागायची, आतल्या युनियनने पगाराच्या खिडकीजवळ. दोघांच्या पावत्या शेवटी एकाच तराजूत पडायच्या.

पावती म्हणजे पसंती का? मला तरी हा सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न वाटतो. माणूस पावती अनेक कारणांनी फाडतो. वाद नको म्हणून, रजा, बदली, आजारपण अशा कामांत कुणाची तरी गरज लागेल म्हणून, शेजारचा फाडतो म्हणून. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्या प्रत्येकाने मंडळाच्या अध्यक्षाला मत दिलंय असं आपण म्हणतो का? या कायद्याने मात्र जवळपास तसंच धरलं.

भांडण दोनदा झालं होतं

बरं, १९८२ ही पहिली ठिणगी नव्हती. कायदा लागू होऊन काहीच वर्षं झाली होती तेव्हा, ऑगस्ट १९५०मध्ये, बोनसच्या प्रश्नावर मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. पुकारला होता समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने, अशोक मेहतांच्या नेतृत्वाखाली. एकीकडे मिल मजदूर संघ, दुसरीकडे मिल मजदूर सभा. नावात फरक शेवटच्या शब्दाचा, कायद्यात फरक आभाळाएवढा. संघाचा संपाला विरोध होता. तरी दोन लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ६३ दिवस बाहेर राहिले. हाती काही लागलं नाही. ज्या युनियनमागे माणसं होती तिला करार करायचा अधिकार नव्हता. ज्या युनियनला अधिकार होता ती संपात नव्हती.

पुढे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार युनियन नव्याने उभी राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगाव ढवळून निघालेलं होतं, तिची ताकद मोठी होती. १९७४ साली तिने ४२ दिवसांचा संप केला. पण प्रातिनिधिक दर्जा संघाकडेच राहिला.

मग कामगार कोर्टात का गेले नाहीत? गेले. मुंबईचे नव्हे, अहमदाबादचे. त्या काळी गुजरातही मुंबई प्रांतात होता आणि हा कायदा दोन्ही शहरांना लागू होता. तिथल्या एका गिरणीतून कमी झालेले कामगार आपली दाद मागायला उभे राहिले. प्रकरणात प्रातिनिधिक युनियन, म्हणजे तीच मजूर महाजन, हजर झाली आणि तिची भूमिका या कामगारांच्या उलट होती. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. गिरिजाशंकर काशीराम विरुद्ध गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स, १९६२.

कामगारांचं म्हणणं सरळ होतं. अर्ज आमचा, नुकसान आमचं, मग आम्हाला बोलू द्या. न्यायालयाने कायदा वाचला आणि सांगितलं की युनियन हजरच झाली नाही तर काही प्रकरणांत कामगाराला स्वतः बोलता येईल. पण ती हजर झाली की त्याचं तोंड बंद. आणि युनियन चांगल्या हेतूने वागतेय की वाईट, याचा या बंदीशी संबंध नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. हेतूचा संबंध नाही. म्हणजे उद्या युनियनने मालकाशी संगनमत केलंय असं कामगार म्हणाला, तरी ते म्हणायला त्याला त्या कामकाजात जागा नाही. निकालामागचा तर्क असा की कायदेमंडळाला सामुदायिक सौदा मजबूत करायचाय. प्रत्येक कामगार वेगळा बोलायला लागला तर सौदा कसा होणार? युनियन आवडत नसेल तर कायद्यात दिलेल्या मार्गाने ती बदला. पुढच्या निकालांतही हाच अर्थ कायम राहिला.

ती बदलायचा मार्ग कोणता? दुसऱ्या युनियनने सलग काही महिने जास्त सदस्य दाखवायचे. त्याच पावत्या, तेच फाटक, तीच पगाराची खिडकी.

अलाबामातला फायरमन

इथे थोडं थांबून अमेरिकेकडे बघू. कारण हाच प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे अठरा वर्षं आधी आला होता आणि उत्तर उलटं मिळालं होतं.

बेस्टर विल्यम स्टील हा अलाबामात लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत फायरमन होता. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचं काम. तो काळा होता. फायरमन लोकांची जी युनियन होती तिच्या नियमांत काळ्या माणसाला सदस्यत्वच नव्हतं. पण रेल्वे कामगार कायद्याने बहुमतवाल्या युनियनला सगळ्यांच्या वतीने करार करायचा एकमेव अधिकार दिला होता. म्हणजे जी युनियन स्टीलला दारात उभं करत नव्हती, तीच कायद्याने त्याची प्रतिनिधी होती. तिने रेल्वे कंपन्यांशी करार करून काळ्या फायरमनची संख्या मर्यादित करत न्यायची व्यवस्था केली. स्टीलची चांगल्या पगाराची जागा गेली, त्याला जास्त कष्टाच्या आणि कमी पैशांच्या कामावर ढकललं गेलं.

त्याने युनियन आणि रेल्वे दोघांवर खटला भरला. वकील होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढाईतले मोठे कायदेपंडित. अलाबामाच्या न्यायालयात ते हरले. डिसेंबर १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्यायालयाचा तर्क असा होता: कायद्याने युनियनला सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार दिलाय, तो जवळपास कायदेमंडळाच्या अधिकारासारखा आहे. मग जबाबदारीही तशीच हवी. ज्यांच्या वतीने बोलता त्या सगळ्यांशी, सदस्य असोत वा नसोत, न्यायाने, भेदभाव न करता आणि प्रामाणिक हेतूने वागलं पाहिजे. तसं वागला नाहीत तर कामगार तुम्हाला कोर्टात खेचू शकतो.

या निकालाने सगळं आलबेल झालं असं नाही. काळ्यांना सदस्य करून घ्या असं न्यायालयाने युनियनला सांगितलं नाही. पण एक दार उघडलं. अधिकार एकट्याला मिळाला तर कर्तव्यही चिकटतं, हे तत्त्व तिथे रुजलं. अमेरिकेत त्याला न्याय्य प्रतिनिधित्वाचं कर्तव्य म्हणतात आणि आजही साधे कामगार त्याच्या आधारे आपल्या युनियनविरुद्ध दावे लावतात.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे कायद्याने एकाच युनियनला आवाज दिला. एका न्यायालयाने विचारलं, हा आवाज प्रामाणिक आहे का? दुसऱ्याने म्हटलं, तो प्रश्न इथे येतच नाही.

अठरा जानेवारी

१९८१च्या दिवाळीला बोनसचा वाद पेटला. संघाने मान्य केलेली तडजोड अनेक गिरण्यांतल्या कामगारांना मान्य नव्हती. काही गिरण्यांतले कामगार उठून थेट घाटकोपरला डॉ. सामंतांच्या घरी गेले. सामंतांनी तोवर इंजिनीअरिंग आणि इतर कारखान्यांत मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. कापड गिरण्या त्यांचं क्षेत्र नव्हतं. हा कायदा त्यांनाही ठाऊक होता. पण कामगार हटले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, घरभाडं आणि रजा होत्या. आणि त्यांच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती: मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, मिल मजदूर संघाची मान्यता काढा. अडीच लाख माणसं मालकाच्या दाराशी उभी राहून सांगत होती की आमच्या नावाने जो बोलतोय तो आमचा नाही.

कायद्याला हे ऐकूच येत नव्हतं. संप प्रातिनिधिक युनियनने पुकारलेला नाही, नोटिशीच्या पायऱ्या पाळलेल्या नाहीत, तेव्हा तो बेकायदा. औद्योगिक न्यायालयाने तसं जाहीर केलं. मालक म्हणाले, आम्ही कायद्याने फक्त संघाशी बोलू शकतो. सरकार म्हणालं तेच. म्हणजे अडीच लाख माणसं संपावर, आणि त्यांच्याशी बोलायला कायद्याने परवानगी असलेलं माणूस कोण? ज्याच्याविरुद्ध निम्मा संप होता तो.

आणि युनियन बदलायचा कायदेशीर मार्ग? त्यासाठी महिनोन्महिने वर्गणी भरलेले सदस्य दाखवायचे. संपावरच्या माणसाकडे पगार नाही, तो वर्गणी कुठून भरणार?

इथे संघाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यांचं म्हणणं होतं की कापडधंदा आधीच अडचणीत आहे, यंत्रं जुनी झाली आहेत, काम यंत्रमागांकडे वळतंय, लांबलेला संप मालकांच्या पथ्यावर पडेल आणि कामगार देशोधडीला लागेल. पुढे झालंही साधारण तसंच. गावाकडे परतलेली कुटुंबं परतली ती परतलीच. एक लाखाहून जास्त कामगारांना पुन्हा काम मिळालं नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १९८३ साली केंद्र सरकारने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, तरी धंदा पूर्वपदावर आला नाही.

म्हणून काही जण म्हणतात, बघा, संघ बरोबर होता. मला हे पटत नाही. अंदाज बरोबर ठरणं आणि संमती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरचं निदान अचूक असलं म्हणून तो रुग्णाला न विचारता टेबलावर घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट मात्र सामंतांच्या बाजूच्यांनीही ऐकायला हवी. मैदानातल्या सभेत वर गेलेला हात आणि मतपेटीत टाकलेली चिठ्ठी यांत फरक असतो. सभेत शेजारी बघत असतो. मतपेटीची सोय असती तर संपात उतरायचं का, हे जसं विचारता आलं असतं तसंच आठ महिन्यांनी, वर्षाने, आता थांबायचं का, हेही विचारता आलं असतं. कायद्याने ना पहिला प्रश्न विचारायची जागा ठेवली, ना दुसरा.

म्हणूनच हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. ज्या युनियनला कायद्याने तो मागे घेता आला असता तिने तो पुकारलाच नव्हता. ज्याने पुकारला त्याच्याशी करार करायला कायद्याची मनाई होती. संप कागदावर जन्मला नाही, म्हणून कागदावर मेलाही नाही.

१९८४च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. देशभर राजीव गांधींची लाट होती. दक्षिण मध्य मुंबईतून डॉ. सामंत निवडून आले. संपात हरलेल्या माणसांना कुणीतरी अखेर मतपत्रिका हातात दिली होती, असं मला तो निकाल वाचताना वाटतं.

तेच वर्ष, दुसरा देश

त्याच १९८४ साली इंग्लंडमध्ये नेमकं याचं उलटं रूप दिसतं. मार्चमध्ये खाणी बंद करायच्या सरकारी निर्णयाविरुद्ध खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. राष्ट्रीय युनियनने देशभर मतदान न घेता भागाभागांतून संप पसरवला. काही सदस्यांचं म्हणणं होतं की युनियनच्याच नियमावलीप्रमाणे आधी मतदान व्हायला हवं. ते कोर्टात गेले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की या संपाला ‘अधिकृत’ म्हणू नका. युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांनी ते जुमानलं नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल युनियनला दोन लाख पौंड आणि स्कारगिलना एक हजार पौंड दंड झाला. दंड भरला नाही म्हणून युनियनची मालमत्ता जप्त करायचा हुकूम निघाला. मार्च १९८५मध्ये संप मोडला.

मुंबईत सदस्य म्हणत होते, आम्हाला संप करायचाय आणि युनियन विचारत नाही. यॉर्कशरमध्ये काही सदस्य म्हणत होते, युनियन संप करतेय आणि आम्हाला विचारलं नाही. तक्रार एकच: तुम्ही माझ्या नावाने बोललात, मला विचारलंत का?

पण इथेच सावध व्हायला हवं. काम सुरू ठेवू पाहणाऱ्या खाणकामगारांच्या कोर्टकज्ज्यांना युनियनच्या राजकीय विरोधकांनी पैसे आणि वकील पुरवले. तक्रार खरी होती, पण तिचा वापर युनियनचं कंबरडं मोडायला झाला. त्याच वर्षी थॅचर सरकारने संपाआधी गुप्त मतदान हवंच असा कायदाही केला.

इंग्रजांना हा प्रकार जुना होता. १९०९ साली वॉल्टर ऑस्बर्न या रेल्वेतल्या कामगाराने, जो स्वतः शाखेचा सचिव होता, आपल्याच युनियनविरुद्धचा खटला जिंकला. माझ्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे देऊ नका, एवढंच त्याचं म्हणणं. निकालाने कोवळ्या मजूर पक्षाचा पैशांचा झराच आटला. शेवटी १९१३ साली संसदेने तोडगा काढला: राजकीय निधी वेगळा ठेवा, तो उभारायला सदस्यांचं मतदान घ्या, आणि ज्याला द्यायचा नसेल त्याला न देता सदस्य राहू द्या. मला हा तोडगा आवडतो. त्याने ऑस्बर्नचं ऐकलं आणि युनियनही वाचवली. भांडणाला दार असलं की असं मधलं काहीतरी सापडू शकतं.

आता

महाराष्ट्राने १९७१ साली युनियनच्या मान्यतेचा आणखी एक कायदा केला. त्यात मान्यतेसाठी ३० टक्के सदस्य लागतात, आणि अनुचित प्रथा फक्त मालकांच्याच नव्हे तर युनियनच्याही असू शकतात हे कबूल केलेलं आहे. नोकरीवरून काढल्याच्या प्रकरणात कामगार स्वतः दाद मागू शकतो. पण जिथे १९४६चा कायदा लागू होता त्या गिरण्यांना मान्यतेचा हा भाग लागू नव्हता. गिरणगाव आपल्या जुन्या कलमाखालीच राहिलं.

१९८९ साली बंद गिरण्यांच्या कामगारांनी दत्ता इस्वलकरांच्या पुढाकाराने बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. तिने नावात ‘युनियन’ हा शब्द घेतला नाही, हे मला बोलकं वाटतं. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठीच्या लढ्यात ही समिती आघाडीवर राहिली.

आणि २०२०ची औद्योगिक संबंध संहिता, जी नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात एकट्याने वाटाघाटी करायचा हक्क मिळवायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणालाच नसेल तर अनेक युनियनची मिळून एक परिषद. संहितेबद्दल कामगार संघटनांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, विशेषतः संपावरच्या अटींबद्दल, आणि त्या गंभीर आहेत. पण पंचवीसवरून एक्कावन्नवर यायला आपल्याला पाऊणशे वर्षं लागली, हेही नोंदवायला हवं.

तुम्ही आयटीत असाल, बँकेत असाल, घरोघरी पार्सल पोचवत असाल. कधी ना कधी कुणीतरी युनियनचा फॉर्म पुढे करेल. माझं म्हणणं, भरा. एकट्या माणसाचं कंपनीपुढे काही चालत नाही, गिरणगावानेही हे शिकवलंय. फक्त भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. निवडणूक कधी झाली होती? करारावर सही करण्याआधी सदस्यांना दाखवता का? आणि माझं तुमच्याशी पटलं नाही, तर मी कुठे जायचं?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर असलेली युनियन टिकते. अडीच लाख माणसांना त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.